शेवटच्या शुक्रवारचा रोजा

दगडूभाईंच्या आधी त्यांच्या आईची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथं तरी जगावं म्हणून तिने त्याला दगडू म्हणायला सुरुवात केली. तेव्हाचे मौलवी तिच्यावर रागावले. ‘बाई, नाव बदलल्याने तकदीर फसत नसते,’ असं म्हणून त्यांनी बाळाच्या कानात बांग दिली आणि अब्दुल रशीद असं चांगलं नाव ठेवलं. ते नाव रेशनकार्डावर राहिलं. नाशकातल्या पिंजाऱ्यांच्या आळीत मात्र शेवटपर्यंत ते दगडूभाईच होते.

कापूस पिंजायचं धनुकलं, पिंजण, खांद्यावर टाकून त्यांनी अर्धं आयुष्य पायी काढलं. नदीवरच्या पुलावरून पंचवटीत जायचं, त्याची ताणलेली तात छेडत गल्लीगल्लीतून फिरायचं, कुणी हाक मारली की त्याच्या ओसरीवर बसून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा. पुढे सातपूरला कारखाने आले, कामगारांच्या चाळी उठल्या, तेव्हा तिकडची गिऱ्हाइकं मिळाली. नंतर पिंजायची यंत्रं आली आणि फिरणं संपलं. मग ते घरीच गाद्या-रजया शिवू लागले. कापूस ते भरायचे, टाके कुलसुमबी घालायची. तिचा टाका इतका सरळ असे, की लोक रजई उलटून बघत आणि उलटी बाजू कोणती ते विचारत.

कुलसुमबी सायखेड्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिला नमाजसुद्धा धड येत नव्हती. सासूने चुलीपुढे बसवून कुराणातली एकेक सूरा पाठ करून घेतली. पण रोजे मात्र ती माहेरापासून धरत होती. रमजानात तिचा रोजा कधी चुकला नाही. लेक शमीम पोटात होती तेव्हाचे राहिलेले रोजेसुद्धा तिने पुढच्या वर्षी एकेक करून भरून काढले होते. अशा राहिलेल्या रोज्याला कजा म्हणतात. कुलसुमबीने कजा कधी साचू दिली नाही, जशी उष्टी भांडी कधी साचू दिली नाहीत.

आळीच्या उतारावर एक लहानशी मशीद होती. तिथले म्हातारे बांगीसाहेब वारले तेव्हा दुसरा कुणी पुढे होईना, म्हणून दगडूभाई गच्चीवर चढले आणि त्यांनी पाच वेळची बांग द्यायला सुरुवात केली. आवाज गोड नव्हता, पण लांब जायचा. मशिदीला कर्णा नव्हता. त्यांचा गळा हाच कर्णा.

रमजानात त्यांचं एक काम वाढायचं. संध्याकाळी, मगरिबला, रोजा सोडायची वेळ नेमकी पाहिजे. एक क्षण आधी सोडला तर दिवसभराची तहानभूक फुकट जाते. वर, बाजाराकडच्या मोठ्या मशिदीच्या मिनारावर हिरवा दिवा होता. सूर्य बुडाला की तिथला माणूस बटण दाबायचा, दिवा लागायचा आणि मग तिथली बांग सुरू व्हायची. वारा नदीकडून असला की ती इकडे ऐकू यायचीच असं नाही, पण दिवा दिसायचा. आळीतले सगळे खजूर हातात धरून बसायचे, दगडूभाई गच्चीवरून दिव्याकडे बघायचे आणि दिवा लागला की बांग द्यायचे. मशिदीत चावीचं घड्याळ होतं, पण ते मागेपुढे व्हायचं. दगडूभाई रोज दिवा बघून त्याचा काटा सरकवत. घड्याळ चुकेल, दिवा चुकणार नाही, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

ऐंशी सालचा रमजान ऐन आषाढात आला. त्या वर्षी कुलसुमबी रोजे धरत नव्हती. दीड-दोन वर्षांपासून तिला छातीचा विकार जडला होता. खोकला, संध्याकाळी ताप, आणि हाडांवर नुसती कातडी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिवसातून तीन वेळा गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, ‘उपास-तापास काही नाही.’ दगडूभाईंना आपल्या कापसाचा राग यायचा. त्याचे तंतू आयुष्यभर त्या घरात उडाले होते. पण हे ते कुणाला बोलून दाखवत नसत.

शेवटचा शुक्रवार आला. त्या पहाटे रोज्याआधीचं खायला, सहेरीसाठी, ते उठले तर चूल पेटलेली.

‘‘तू का उठलीस?’’

‘‘आज मला बरं वाटतंय. एक रोजा धरते.’’

‘‘गोळ्या?’’

‘‘एक आता घेतली. एक संध्याकाळी घेईन. मधलीला काय, एक दिवस बसू द्या तिला उपाशी.’’

‘‘कुलसुम, डॉक्टर काय म्हणाले?’’

‘‘त्यांनी मला बरं करायचं सोडलंय. माझं मला माहीत हाय. एकच म्हणते. सगळा महिना कोरा गेला, एक तरी माझ्या नावावर पडू द्या.’’

तिने मनाशी रोज्याची नियत केली, पाण्याचा शेवटचा घोट घेतला आणि गोधडीवर जाऊन पडली.

दिवसभर ढग होते. दुपारी वीज गेली. शेजारची चाँदबी मधूनमधून येऊन कुलसुमबीच्या पायांना तेल लावून जात होती. चाँदबी तोंडाची फटकळ, पण हाताची मऊ. ‘‘बघ, तोंड सुकलंय तुझं. मगरिबपर्यंत टिकशील का गं?’’ असं ती म्हणाली, तेव्हा कुलसुमबीने डोळे न उघडता उत्तर दिलं, ‘‘तू गप बसशील तर टिकेन.’’

संध्याकाळी दगडूभाई गच्चीवर चढले. सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं, सगळं आभाळ राखेच्या रंगाचं. खाली घड्याळ अजून थोडा वेळ बाकी दाखवत होतं. आणि मिनारावरचा दिवा लागला.

त्यांना एवढंच वाटलं, की आज पुन्हा घड्याळ मागे पडलं. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि बांग दिली. नेहमीपेक्षा जोरात दिली, कारण उतारावरच्या तिसऱ्या घरात कुणीतरी तिची वाट बघत होतं.

खाली येऊन त्यांनी खजूर तोंडात टाकला, घड्याळाचा काटा पुढे सरकवला आणि नमाजेच्या ओळीत उभे राहिले. इमाम हाफिज वजीरसाहेब हात उचलणार, तोच वारा पडला आणि वरून, मोठ्या मशिदीकडून, बांगेचा पहिला शब्द ऐकू आला.

ओळीतलं कुणी हललं नाही. कुणी दगडूभाईंकडे वळूनही पाहिलं नाही. हाफिजसाहेबांनी हात खाली घेतले आणि ती बांग संपेपर्यंत मान खाली घालून ऐकली. मग हळूच म्हणाले, ‘‘दगडूभाई, पुन्हा द्या. मघाची वेळेआधी झाली.’’

ते पुन्हा गच्चीवर गेले. या वेळी आवाज फुटेना. जेमतेम शेजारच्या घरांना ऐकू गेली असेल.

झालं होतं ते साधंच होतं. दुपारी वीज नसताना मोठ्या मशिदीतल्या कुणीतरी दिव्याचं बटण दाबून पाहिलं आणि ते तसंच राहिलं. संध्याकाळी वीज परत आली, दिवा आपोआप लागला. तिथल्या लोकांना ते लगेच दिसलं, आणि त्यांच्यापुढे घड्याळ होतं, म्हणून कुणी फसलं नाही. चूक लक्षात येऊन त्यांनी बटण बंदही केलं होतं. तोवर दगडूभाई खाली उतरून खजूर खात होते.

रात्रीच्या, इशाच्या नमाजेनंतर हाफिजसाहेबांनी पुरुषांना सांगितलं, ‘‘आजचा रोजा झाला नाही. गुन्हा कुणावर नाही, समजून-उमजून कुणी सोडलेला नाही. पण ईद झाल्यावर प्रत्येकाने एक कजा धरायची.’’ बायकांना कोण सांगणार? ते काम दगडूभाईंनी आपणहून अंगावर घेतलं. त्याच रात्री ते दारोदार फिरले. दारात उभे राहायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, ‘‘माझ्या बांगेने तुमचा रोजा गेला, माफ करा.’’

चाँदबी म्हणाली, ‘‘एवढी घाई होती तर सकाळीच द्यायची ना बांग. बिर्याणी तरी केली असती.’’ मग त्यांचा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. ‘‘जा आता, दगडूभाई. एका रोज्याने काय होतंय. धरू.’’

कोपऱ्यावर फळांची गाडी लावणारा सहादूही गाडी झाकत उभा होता. दगडूभाईंनी त्यालाही सांगायला तोंड उघडलं.

‘‘मला कशाला सांगता? मी तर दुपारी दोन वेळा जेवलोय,’’ सहादू म्हणाला. दगडूभाई हसले नाहीत तेव्हा त्याने गाडीवरची दोन केळी त्यांच्या हातात कोंबली. ‘‘वहिनींना द्या. आज त्यांनी धरला होता म्हणे.’’

ते घरी आले तेव्हा कुलसुमबी झोपलेली होती. खजुराची बी उशाशी, अर्धा पेला पाणी संपलेलं. त्यांच्या पहिल्या बांगेवर तिने रोजा सोडला होता आणि त्याच क्षणी तिला झोप लागली होती. दुसरी बांग तिच्या कानावर गेलीच नव्हती. कित्येक महिन्यांत तिच्या कपाळावर अशी शांतता त्यांनी पाहिली नव्हती. सगळ्या आळीला सांगितलेलं वाक्य त्यांच्या तोंडात होतं. ते त्यांनी गिळलं.

दुसऱ्या दिवशी ते हाफिजसाहेबांकडे गेले. हाफिजसाहेब वयाने त्यांच्याहून लहान, पण विचारून बोलणारे.

‘‘तिला सांगितलं तर ती कजा धरेल,’’ दगडूभाई म्हणाले. ‘‘तिचा जीव त्यात जाईल. नाही सांगितलं आणि ती तशीच गेली, तर तिच्या मानेवर एक रोजा राहील. मी काय करू?’’

‘‘तिच्या मानेवर काही राहणार नाही. ती आजारी आहे. बरी होईपर्यंत अल्लाहने तिच्याकडे रोजा मागितलेलाच नाही.’’

‘‘मागितलेला नाही. पण तिने दिला होता ना, हाफिजसाहेब. आणि तो मी पाडला.’’

हाफिजसाहेबांनी त्यांना जवळ बसवून घेतलं.

‘‘पोरं आपल्याकडे पाठ करतात,’’ दगडूभाईच पुढे म्हणाले, ‘‘की बरी तकदीर, वाईट तकदीर, दोन्ही अल्लाहकडून. मग तो दिवा लागला तेही लिहिलेलं होतं का? मी घड्याळाचं खरं मानलं नाही, तेही?’’

‘‘लिहिलेलं होतं. पण लिहिलेलं आहे म्हणून कुणी तुमचा हात धरून काटा सरकवला नव्हता. तो तुम्हीच सरकवला. दोन्ही खरं आहे. ही दोन कशी जुळतात, ते मला विचारू नका. माझ्या उस्तादांनीही मला इथवरच आणून सोडलं होतं.’’ मग ते म्हणाले, ‘‘तिला सांगू नका. तिला तिच्या रोज्यात राहू द्या.’’

दगडूभाईंनी ऐकलं. चाँदबीलाही त्यांनी गप्प राहायला सांगितलं आणि तिने ते मान्य केलं.

ईद झाली. आळीतल्या बायकांनी ठरवलं, की कजा वेगवेगळ्या दिवशी कुठे धरत बसायच्या, येत्या गुरुवारी सगळ्यांनी मिळून धरू. एवढा विचार करणाऱ्या त्या बायकांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. कुलसुमबी दिवसभर पडून असायची, आणि पडल्या पडल्या सगळी आळी कानाने बघायची. कुणाच्या घरी मसाला वाटतात, कुणाची भाकरी थापली जाते, कुणाच्या तव्यावर फोडणी पडते, हे तिला न उठताच कळे. त्या गुरुवारी दुपारी आळीत एकही तवा वाजला नाही.

चाँदबी औषध द्यायला आली तेव्हा कुलसुमबीने विचारलं, ‘‘कोण गेलं?’’

‘‘कुठं कोण गेलं?’’

‘‘मग आळीत चुली का नाय पेटल्या?’’

चाँदबीने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तोंडाळ माणसांना नसतेच. दोनच वाक्यांत ती अडकली आणि मग पदराने डोळे पुसत तिने सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी दगडूभाई घरात आले. कुलसुमबी भिंतीला टेकून बसली होती. ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

‘‘साऱ्या आळीच्या दारात गेलात म्हणं तुम्ही.’’

दगडूभाईंनी टोपी काढून खुंटीला लावली.

‘‘सहादूला सुदीक सांगितलं. माझंच दार तेवढं राह्यलं.’’

‘‘तू धरशील म्हणून.’’

‘‘धरीनच.’’

‘‘हाफिजसाहेब म्हणतात, तुझ्यावर नाही. तुला माफ आहे.’’

‘‘माफ हाय, ते मला सासूने शिकवलंय. मी माफीचा नव्हताच धरला. खुशीचा धरला होता. खुशीने दिलेलं अर्धं कसं ठेवू?’’

त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात हा विषय निघाला नाही. कुलसुमबीला ताप वाढला, मग उतरला. सायखेड्यालाच दिलेली शमीम येऊन आईची वेणीफणी करून गेली. पावसाळा संपला, आळीत रजयांचं काम सुरू झालं. दगडूभाई एकटेच टाके घालत होते आणि ते तिरपे जात होते. कुलसुमबी पडल्या पडल्या ते बघायची.

दिवाळीच्या आसपास एका पहाटे त्यांना जाग आली तेव्हा ती अंधारात बसून रात्रीची शिळी भाकरी पाण्यात बुडवून खात होती.

‘‘नियत झालीय माझी,’’ ती म्हणाली. ‘‘आता काही बोलू नका.’’

त्या दिवशी त्यांनी सुई हातात घेतली नाही. सकाळ बरी गेली. दुपारी जोहरची नमाज तिने पडल्या पडल्या डोळ्यांच्या इशाऱ्याने पढली. त्यानंतर तिला उबळ सुरू झाली. एक उबळ संपेना तोच दुसरी. ओठ पांढरे पडले, जीभ टाळूला चिकटून शब्द नीट उमटेनात. दगडूभाई पेला भरून तिच्याजवळ बसले.

‘‘कुलसुम, मी सांगतो. सोड आता.’’

तिने मान वळवली. ‘‘तुमच्या सांगण्यावर एकदा सोडला,’’ ती म्हणाली.

त्यांनी पेला खाली ठेवला. तिची पाठ चोळत ते बसून राहिले. दुपार कलली, असरची वेळ झाली. बांग द्यायला जावं की न जावं, त्यांना कळेना. तिनेच हाताने जा म्हणून खुणावलं. ते धावत गेले, बांग दिली, नमाज पढले आणि धावत परत आले.

ती उठून बसायचा प्रयत्न करत होती. हातातल्या फडक्यावर रक्त होतं.

‘‘पाणी द्या,’’ ती म्हणाली.

त्यांनी पेला तिच्या तोंडाला लावला. ती सगळं प्याली. शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही. मग उशीवर डोकं टेकून म्हणाली, ‘‘नाय लिहिला माझ्या नावावर. दोनदा दारात जाऊन आले.’’

‘‘माझ्यामुळे गेला.’’

‘‘तुम्ही नका मधे येऊ. तुम्ही दिव्याचं खरं मानलं. मी तुमचं खरं मानलं. यात लबाडी कुणी केली?’’ थोडं थांबून ती म्हणाली, ‘‘मी मघा टोचून बोलले. तहान बोलली ती.’’

त्यांनी तिला वाटीत दूध-भाकरी कुस्करून दिली. तिने हाताने बाजूला सारली. नंतर बघू म्हणाली. मगरिबची बांग देऊन ते परत आले, तर तिने उशाशी ठेवलेला खजूर खाल्ला होता आणि आता ती वाटी स्वतःच्या हातांनी पुढे ओढत होती.

‘‘पाणी प्यायल्यावर आता काय उरलं होतं सोडायला?’’ त्यांनी विचारलं. ‘‘तेव्हाच का नाही जेवलीस?’’

‘‘दिवस उरला होता ना थोडा,’’ ती म्हणाली. ‘‘तेवढा त्याला दिला.’’

कुलसुमबी पौषातल्या थंडीत गेली. सकाळी गेली, बोलता बोलता गेली, शमीम जवळ होती. चाँदबीने आणि आळीतल्या दोन बायकांनी तिला आंघोळ घातली. कफनाआधी मयताला लावायला घरात भरलेल्या कापसातलाच थोडा कापूस घेतला. सहादूने त्या दिवशी गाडी लावली नाही. तो मयतीबरोबर कब्रस्तानापर्यंत आला आणि फाटकाशी चपला काढून उभा राहिला.

माती देऊन परतताना दगडूभाईंनी हाफिजसाहेबांना विचारलं, ‘‘तिच्या रोज्यासाठी एका गरिबाला दोन वेळचं जेवू घालू का? फिदिया म्हणून?’’

‘‘ती आजारातून उठलीच नाही. तिच्यावर काही येत नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. जेवू घालायचं तर घाला, चांगलंच काम आहे. पण तिचं देणं म्हणून घालू नका. तिचं देणं नव्हतं.’’

दगडूभाईंनी मान हलवली. आता त्यांना वाद घालायचा नव्हता.

‘‘बांगेचं काय करू?’’ हाफिजसाहेबांनी विचारलं. ‘‘तीन दिवस दुसऱ्या कुणाला सांगू?’’

सगळ्यांना वाटलं ते नको म्हणतील. ताप असला तरी गच्चीवर चढणारा माणूस. ते म्हणाले, ‘‘सांगा.’’

संध्याकाळी शमीम बायकांत बसली होती. दगडूभाई आतल्या खोलीत गेले आणि कुलसुमबीच्या जागेवर, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बांग द्यायला लागल्यापासून, मशिदीच्या एवढ्या जवळ राहून, मगरिबची बांग त्यांनी घरातून कधी ऐकली नव्हती. ती होताना ते नेहमी वर असत, तोंड आभाळाकडे, स्वतःचाच आवाज कानांत भरलेला.

बांग सुरू झाली. कुणी दिली ते ओळखू आलं नाही. मधे दोन भिंती होत्या, आळीतली पोरं ओरडत होती, कुठेतरी बादली ओतल्याचा आवाज आला. शब्द काही उमटत होते, काही नाही. कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय, एवढंच त्या खोलीत पोचत होतं. वेळ झाली की नाही, हे त्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. बोलावणाऱ्यावर सोडून द्यायचं आणि खजूर तोंडात घालायचा, एवढंच तिथे पडलेल्या माणसाच्या हातात होतं.

बांग संपेपर्यंत ते तसेच पडून राहिले. मग नमाजेआधी हातपाय धुवायला, वजूसाठी, पाणी घ्यायला उठले.